कातळावरची जुनी सफारी

टाटा सफारी ही शिडीसारख्या चेसिसवर बांधलेली मोठी गाडी टेल्कोने १९९८ साली बाजारात आणली. कंपनीचे नाव टाटा मोटर्स झाले ते पुढे, २००३ मध्ये. लांबी ४.६५ मीटर, रुंदी १.९ मीटरच्या वर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.६५ मीटर आणि वजन दोन टनांच्या आसपास, असा तिचा ऐवज. पहिल्या गाड्यांना १९४८ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन होते. २००५ मध्ये तीन लिटरचे आणि २००७ मध्ये २.२ लिटरचे डायकॉर इंजिन आले. २०१२ मध्ये आलेली स्टॉर्म २०१९ पर्यंत चालली. २०२१ पासून याच नावाने विकली जाणारी गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि तिला वेगळी चेसिस नाही. कातळावर चढणाऱ्यांच्या बोलण्यात ‘सफारी’ येते ती जुनीच, आणि त्यातही फोर बाय फोर. हे आधी तपासावे लागते, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच जुन्या सफारी फक्त मागच्या चाकांवर चालतात. त्यांचा रुबाब तोच असला तरी ओल्या दगडाच्या पहिल्याच पायरीला त्या थांबतात.

फोर बाय फोर सफारीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने ती फिरते. ‘टू हाय’मध्ये ओढ फक्त मागे जाते. ‘फोर हाय’मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. ‘फोर लो’मध्ये ते जखडलेले राहतातच, शिवाय वेग सुमारे अडीचपट घटून ओढ तेवढीच वाढते. ‘लो’ टाकायची तर गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबावा लागतो. शाफ्ट जखडलेले असताना वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि गाडी ते कापू देत नाही. खडी, चिखल, दगड यांवर चाक थोडे घसरून हा ताण सोडवते. डांबरावर मात्र तो थेट ट्रान्स्फर केसच्या साखळीवर आणि सांध्यांवर येतो. म्हणून पेण-खोपोली रस्त्यावर कोणी ‘फोर हाय’मध्ये गाडी चालवत असेल, तर तो तिचे आयुष्य कमी करत असतो.

कोकणातल्या पेण आणि रोह्याची जमीन या यंत्राची वेगवेगळ्या तऱ्हेने परीक्षा घेते. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडची खारजमीन आहे. तिथे दगड नाही, नुसता चिकण गाळ, आणि दोन टनांच्या गाडीला तो पोटापर्यंत गिळतो. कातळ सुरू होतो तो पूर्वेला: हेटवणे धरणाच्या वरचे डोंगर, गागोद्याकडचा भाग, सांकशीच्या किल्ल्याचा परिसर, आणि रोह्याकडे गेले की सुकेळी खिंड आणि अवचितगडाच्या पायथ्याची मेढे, पिंगळसई, पडम ही गावे. हा सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड. पनवेलपासून दक्षिणेकडे गेलेल्या पट्ट्यात लाव्हाचे थर आडवे राहिलेले नाहीत, ते पश्चिमेकडे कलले आहेत. म्हणून ओहोळाच्या तळाशी कधी कललेली सलग लादी लागते, तर कधी भेगा पडून सुटलेले चौकोनी धोंडे. मुरूडच्या बाजूला सरकावे तसा जांभाही भेटतो. तो खरबरीत असल्याने टायरला धरून ठेवतो, पण त्याच्या कडा टायरची बाजू चिरतात. काळा दगड कोरडा असताना विश्वासाचा, पण जून ते सप्टेंबरमध्ये त्यावर शेवाळ धरले की उभे राहणेही कठीण. पाऊस सरल्यावर गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि त्याखालचा धोंडा दिसत नाही. पुढे तेच गवत वाळते, तेव्हा तापलेल्या सायलेन्सरला ते अडकून वणवा लागण्याची भीती असते.

अशा जमिनीवर सफारीची मोठी अडचण तिची लांबी. गाडीचे पोट दगडाच्या टेंगळावर टेकते की नाही, हे पोटाखालच्या उंचीपेक्षा त्या उंचीचे चाकांमधल्या अंतराशी काय प्रमाण आहे, यावर ठरते. २.६५ मीटर अंतरात २०५ मिलिमीटर उंची धरली तर साधारण साडेसतरा अंशांचे टेंगूळ निभते. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये हेच अंतर ८० इंच, म्हणजे २.०३ मीटर, तेवढीच उंची धरली तर तिला जवळपास तेवीस अंशांचे टेंगूळ चालते. जीप जिथून सहज निघून जाते तिथे सफारीच्या दारांखालच्या पट्ट्या, म्हणजे रॉकर, घासतात. मागे तिला पाच दांड्यांचा अखंड धुरा आणि कॉइल स्प्रिंग आहेत. एक चाक वर गेले की दुसरे खाली दाबले जाते, आणि ही तिची खरी जमेची बाजू. पुढे मात्र प्रत्येक चाक स्वतंत्र, आणि स्टॉर्मच्या आधीच्या गाड्यांत तिथे टॉर्शन बार. चाकाची वरखाली हालचाल त्यामुळे कमी, आणि खालची आर्म दगडाच्या वाटेतच येते. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढची बाजू उचलण्याची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास सुचवली जाते. ती वापरावी असे वाटत नाही: उंची मिळते, पण चाक खाली जाण्याची उरलीसुरली जागा संपते आणि शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरून त्यांचे रबर बूट फाटतात.

कातळावर वेगाला अर्थ नाही. चाक कुठे ठेवले यालाच अर्थ आहे. नवा चालक दगड दोन चाकांच्या मधून काढायला जातो आणि तिथेच फसतो, कारण गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे मागच्या डिफरन्शिअलचा गोळा, आणि तो मधोमध नसला तरी दोन चाकांच्या आतच असतो. जाणता चालक दगडावरच चाक चढवतो. चाक वर गेले की धुरा वर जातो आणि गोळाही वर जातो.

गुडघ्याएवढी एक पायरी चढताना काय होते ते पाहावे. गाडी ‘फोर लो’च्या पहिल्या गिअरमध्ये, इंजिन जवळजवळ आयडलवर. पुढे उतरून उभा असलेला माणूस बोटांनी डावे-उजवे दाखवतो. चालकाने खिडकीतून डोके काढून पाहायचे नाही, त्याच्या हातावर विश्वास ठेवायचा. पुढचे डावे चाक पायरीला टेकते. टायरमधली हवा रस्त्यावरच्या तीसेक पीएसआयवरून विशीच्या आसपास आणलेली असते, म्हणून रबर दगडाच्या कडेवर चेपून तिला धरते. यापेक्षा हवा कमी केली तर आडव्या दाबाने टायर रिममधून निसटू शकतो. अॅक्सिलरेटर किंचित दाबला जातो, इंजिनचा आवाज भरतो, आणि चाक इंचाइंचाने वर येते. त्याच वेळी मागचे डावे चाक हलके होऊन फिरू लागते. साध्या डिफरन्शिअलची ओढ त्या फिरणाऱ्या चाकातून वाया जाते. काही सफारींत मागे लिमिटेड स्लिप असते, ती हे थोडे आवरते. नसेल तर डाव्या पायाने ब्रेक हलका दाबतात. फिरणारे चाक आवरले की ओढ दुसऱ्या चाकाला मिळते. इथे हाफ क्लचवर गाडी रेटली तर क्लच प्लेट जळल्याचा वास लगेच येतो. चाक सुटले म्हणून जोरात रेस देणे त्याहून वाईट. फिरते चाक अचानक दगडाला पकडते, तेव्हा शाफ्ट तुटतो.

उतारावरही तोच गिअर ठेवून इंजिनच्या दाबाने उतरतात. क्लचला पाय लावायचा नाही आणि कललेल्या ओल्या लादीवर ब्रेक कचकन मारायचा नाही. चाके थांबतात पण गाडी घसरत राहते.

रोह्यात पाण्याचा विषय वेगळा सांगावा लागतो. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते. ते केंद्र १९२७ पासून चालते आहे, आणि वीज तयार करून सोडलेले पाणी कुंडलिकेत येते. कोलाडचे राफ्टिंग उन्हाळ्यातही चालते ते याच पाण्यावर. सकाळी उघडे दिसणारे गोटे पाणी सुटल्यावर बुडतात, आणि वर आभाळ निरभ्र असले तरी पातळी चढते. म्हणून कुंडलिकेच्या पात्रात गाडी उतरवणे हा निव्वळ धोका आहे. शिवाय खाली गावांचे पाणी त्याच नदीवर. छोटे ओहोळ ओलांडायचे तर आधी पायी चालून तळ पाहतात. हवा घेण्याच्या नळीतून पाणी इंजिनात शिरले तर दट्ट्याला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिफरन्शिअलच्या श्वासनळीतून आत गेलेले पाणी तेलाला दुधाचा रंग आणते.

अडकलेली गाडी काढताना माणसे जखमी होतात ती बहुधा घाईमुळे. पट्टा चेसिसला बोल्टने बसवलेल्या हुकालाच बांधतात, टोइंगच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. पट्ट्यावर ओले पोते टाकतात आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या बाहेर उभे करतात.

कुठे जायचे यालाही मर्यादा आहेत. रोहा आणि मुरूडच्या मधले फणसाड अभयारण्य १९८६ पासून संरक्षित आहे. तिथे आणि राखीव वनात परवानगीशिवाय गाडी नेणे गुन्हा. बाकी बरीच जमीन खासगी, आणि अनेक वाटा कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवर जाणाऱ्या, त्यांच्या रोजच्या वहिवाटीच्या. पावसाळ्यात जड गाडीने पाडलेली चाकोरी त्या माणसांना पुढे वर्षभर तुडवावी लागते. विचारून जाणे आणि ओल्या वाटेवर न जाणे हे दोन्ही पाळले पाहिजे.

गाडीच्या कागदांचेही पाहावे लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी वाढवतात आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, त्यामुळे मोठी चाके आणि उंच स्प्रिंग लावलेली सफारी या तपासणीत अडते.

घरी आल्यावर गाडी रॅम्पवर घेऊन खालून धुतात आणि कोरडी करून पाहतात: बूट फाटले आहेत का, बॉल जॉइंट ढिले झाले का, ब्रेकच्या नळ्या दबल्या का, चेसिसच्या जोडाला चीर पडली का, डिफरन्शिअलच्या तेलाचा रंग काय. वीस वर्षांच्या चेसिसला कोकणच्या दमट हवेत आतून गंज धरतो. हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला, तर तो भाग कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय ती गाडी पुन्हा कातळावर नेत नाहीत.