लिस्पमध्ये स्वतःची यादी-लायब्ररी कशी लिहायची? चाळीसगाव जंक्शनवरून समजून घेऊया

भुसावळहून मनमाडकडे जाणारी गाडी जळगाव, पाचोरा करत चाळीसगावला येते. धुळ्याहून निघालेली गाडी शिरूड, जामधा करत तिथेच येते. पुढे दोघींना रूळ एकच : नांदगाव, मनमाड. जळगाव-धुळ्याकडच्या कुणाला हे वेगळं सांगायला नको. पण हाच नकाशा डोक्यात ठेवला, तर लिस्प शिकताना होणारी एक फार फसवी चूक लगेच समजते. आज आपण याद्यांवर काम करणारी छोटीशी लायब्ररी लिहू आणि ती चूक कशी टाळायची तेही बघू.

लिस्प आणि यादी

लिस्प ही जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीमध्ये सुरू केलेली भाषा. तिचं नावच ‘लिस्ट प्रोसेसिंग’वरून आलंय. यादी म्हणजे एकमेकांना जोडलेले डबे. प्रत्येक डब्यात दोनच गोष्टी असतात : एक माल आणि पुढच्या डब्याचा पत्ता. माल बघायचा तर ‘कार’, पुढची उरलेली यादी हवी तर ‘कुडर’, नवा डबा पुढे जोडायचा तर ‘कॉन्स’. शेवटच्या डब्यापुढे काही नाही, म्हणून तिथे ‘निल’. कार आणि कुडर ही विचित्र नावं आयबीएम ७०४ या जुन्या कॉम्प्युटरच्या रचनेवरून आली आणि आजही टिकून आहेत.

फोनवर कसं करून बघायचं?

लॅपटॉप नसला तरी चालेल. अँड्रॉइडवर टर्मक्स ॲप घ्या आणि त्यात इमॅक्स इन्स्टॉल करा. इमॅक्समध्ये लिस्पचाच एक प्रकार आत बसवलेला आहे. ‘स्क्रॅच’ नावाच्या पानावर कोड लिहायचा, शेवटच्या कंसानंतर कंट्रोल आणि जे दाबायचं, उत्तर खाली येतं.

एक सूचना : वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळा कोड देवनागरीत दिलाय. टाइप करताना डिफन, इफ, कार, कुडर, कॉन्स असे लिस्पचे स्वतःचे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीत टाका. आपण ठेवलेली नावं मात्र मराठीत ठेवली तरी इमॅक्सला चालतात. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं कधीकधी सुटी दिसतात, पण त्याने कोड बिघडत नाही.

आधी दोन मार्ग बनवूया

सगळी स्टेशनं न घेता मोजकीच घेऊ.

```
(सेटक्यू पुढचा-मार्ग
  (लिस्ट "चाळीसगाव" "नांदगाव" "मनमाड"))

(सेटक्यू जळगाव-मार्ग
  (अपेंड (लिस्ट "भुसावळ" "जळगाव" "पाचोरा") पुढचा-मार्ग))

(सेटक्यू धुळे-मार्ग
  (अपेंड (लिस्ट "धुळे" "शिरूड" "जामधा") पुढचा-मार्ग))
```

इथे नीट लक्ष द्या. ‘अपेंड’ आधीच्या यादीची नक्कल करतं, पण सर्वात शेवटी दिलेल्या यादीची करत नाही. ती आहे तशीच जोडते. म्हणजे मेमरीत चाळीसगावचा डबा दोनदा बनलेला नाही. तो एकच आहे आणि दोन्ही मार्ग त्यालाच येऊन मिळतात. अगदी खऱ्या जंक्शनसारखं. यात जागा वाचते, वेळ वाचतो. जोवर कुणी रुळांना हात लावत नाही, तोवर काही अडचण नाही.

आणि आता गडबड

समजा, धुळ्याला परत यायचंय, म्हणून धुळे-मार्ग उलटा हवा. लिस्पमध्ये त्यासाठी ‘रिव्हर्स’ आहे आणि ‘एनरिव्हर्स’ही आहे. दुसरं नवे डबे बनवत नाही, जुन्याच डब्यांचे पत्ते फिरवतं, म्हणून आपण तेच वापरतो :

```
(एनरिव्हर्स धुळे-मार्ग)
```

उत्तर बरोबर येतं : मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, जामधा, शिरूड, धुळे. आपण खूश. आता जळगाव-मार्ग उघडून बघा :

```
("भुसावळ" "जळगाव" "पाचोरा" "चाळीसगाव" "जामधा" "शिरूड" "धुळे")
```

भुसावळहून मनमाडला निघालेली गाडी धुळ्याला पोचली! जळगाव-मार्गाला आपण हातही लावला नव्हता. पण चाळीसगावच्या डब्यातला पत्ता फिरला आणि तो डबा दोघांचा होता. खुद्द धुळे-मार्ग या नावाखाली तर आता एकटं ‘धुळे’ उरलंय. कुठेही एरर नाही, लाल अक्षरं नाहीत.

लायब्ररी लिहिणाऱ्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमचं फंक्शन मित्राने वापरलं आणि त्याच्या प्रोग्रॅममधली तिसरीच यादी बिघडली, तर तो रात्रभर स्वतःचा कोड तपासत बसेल. तुमच्या फाइलवर त्याचा संशयही जाणार नाही. म्हणून पहिला नियम : जी यादी दुसऱ्याने दिली, ती मोडायची नाही.

पहिलं फंक्शन : यादीतले पहिले काही

इमॅक्स लिस्पमध्ये प्रत्येक लायब्ररीसाठी नावांचा वेगळा कप्पा नसतो. म्हणून आपल्या सगळ्या फंक्शनच्या नावाआधी ‘यादी-’ लावू, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नावाशी टक्कर होणार नाही.

```
(डिफन यादी-पहिले (किती यादी)
  (इफ (ऑर (< किती १) (नल यादी))
      निल
    (कॉन्स (कार यादी)
           (यादी-पहिले (- किती १) (कुडर यादी)))))
```

पहिला माल घ्या, उरलेल्यांचं काम याच फंक्शनला सांगा. दिसायला सुंदर आहे आणि कुणाची यादीही मोडत नाही. पण हजार नावांच्या यादीतून हजारही नावं मागा, एरर येईल. फंक्शनने स्वतःलाच किती खोलवर हाक मारायची याला इमॅक्समध्ये मर्यादा आहे. इमॅक्स २९ पासून ती मुळात १६०० असते आणि आपली एक हाक त्यातल्या एकापेक्षा जास्त पायऱ्या खाते. म्हणून लायब्ररीत लूप बरा :

```
(डिफन यादी-पहिले (किती यादी)
  (लेट ((निकाल निल))
    (व्हाइल (अँड यादी (> किती ०))
      (सेटक्यू निकाल (कॉन्स (कार यादी) निकाल))
      (सेटक्यू यादी (कुडर यादी))
      (सेटक्यू किती (- किती १)))
    (एनरिव्हर्स निकाल)))
```

इथे दोन शंका येतील. एक, ‘सेटक्यू यादी’ म्हणजे यादी बदलली की! नाही. आपण फक्त आपलं बोट पुढच्या डब्यावर ठेवलं, डब्यांना धक्का नाही लावला. दोन, शेवटी पुन्हा एनरिव्हर्स कसं चाललं? कॉन्स नेहमी पुढून जोडतं, म्हणून निकाल उलटा साठतो आणि तो सरळ करावा लागतो. पण निकालातला प्रत्येक डबा आत्ताच, आपणच बनवलाय. तो अजून कुणाच्या हातात नाही. स्वतःचं सामान हवं तसं फिरवा, दोष नाही.

दुसरं फंक्शन : यादीचे तुकडे

आता पहिल्याच्या आधारावर दुसरं उभं करू. लायब्ररीची खरी मजा यातच आहे.

```
(डिफन यादी-तुकडे (किती यादी)
  (इफ (< किती १)
      (एरर "तुकडा किमान एकाचा हवा"))
  (लेट ((निकाल निल))
    (व्हाइल यादी
      (सेटक्यू निकाल (कॉन्स (यादी-पहिले किती यादी) निकाल))
      (सेटक्यू यादी (एनटीएच-कुडर किती यादी)))
    (एनरिव्हर्स निकाल)))
```

‘एनटीएच-कुडर’ म्हणजे तेवढे डबे सोडून पुढची यादी. जळगाव-मार्ग वरच्यासारखा पुन्हा नव्याने बनवा आणि त्याचे दोन-दोनचे तुकडे करा : (भुसावळ, जळगाव), (पाचोरा, चाळीसगाव), (नांदगाव, मनमाड).

ती एररची ओळ उगाच नाही. कुणी ० दिलं, तर यादी पुढे सरकणारच नाही, लूप फिरत राहील आणि फोन गरम होईल. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

प्रत्येक फंक्शन या ४ कसोट्यांवर तपासा

- रिकामी यादी दिली तर काय होतं?
- मागितलेल्यापेक्षा यादी लहान असेल तर?
- ० किंवा उणे आकडा दिला तर?
- काम झाल्यावर मूळ यादी, आणि तिच्याशी जोडलेली दुसरी यादी, जशीच्या तशी आहे का?

चौथी कसोटी बहुतेक जण विसरतात. जळगाव-मार्ग आणि धुळे-मार्ग हे त्यासाठी तयार नमुने आहेत, फाइलमध्येच ठेवून द्या.

तयार लायब्ररी असताना हे कशाला?

तयार लायब्ररी आहेतच. मॅग्नार स्वीन यांची डॅश आहे, इमॅक्ससोबत येणारी सीक आहे, कॉमन लिस्पमध्ये अलेक्झांड्रिया आहे. रोजच्या कामाला त्याच वापरा. पण दोन फंक्शन स्वतः लिहिली की त्यांचा कोड वाचता येतो. स्कीम या लिस्पच्या भावंडात एक चांगली पद्धत आहे : जे फंक्शन मूळ यादीला हात लावू शकतं, त्याच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं. आपणही तसंच करू. कधी यादी मोडणारं फंक्शन लिहावंच लागलं, तर नावातच धोक्याची पाटी लावा.

आणि हे फक्त लिस्पपुरतं नाही. पायथॉनमध्ये ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलतं, ‘सॉर्टेड’ नवी यादी देतं. जावास्क्रिप्टमधलं ‘रिव्हर्स’ही मूळ यादीच उलटी करतं. तेव्हा कुठल्याही भाषेत यादी उलटवण्याआधी एकदा विचारा : चाळीसगावहून अजून कुणाची गाडी जातेय का?