विश्लेषण : ज्याच्या शेतात पिकतं, त्यालाच रेशनचा आधार का? जालन्यातल्या आंदोलनांमागचं शेतीचं गणित

२९ ऑगस्ट २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि तोवर राज्यात फारसं कुणाला माहीत नसलेलं हे गाव टीव्हीवर चोवीस तास दिसू लागलं. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात, काही किलोमीटरवरच्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषण केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. त्यानंतर धनगर आणि बंजारा समाजही आपापल्या मागण्या घेऊन जालन्यात रस्त्यावर उतरले.

चार समाज, चार मागण्या आणि जिल्हा एकच. हे सगळं जालन्यातच का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. नेते, पक्ष, निवडणुका ही उत्तरं तुम्ही वाचली असतील. या लेखात आपण त्याखालचा थर पाहू, म्हणजे शेती, धान्य आणि पाणी.

आधी एक गैरसमज

‘दुष्काळ पडला, म्हणून लोक रस्त्यावर आले’ हे उत्तर सोपं आहे, पण नकाशावर बसत नाही. अंबड आणि घनसावंगी हे तालुके जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येतात. इथे ऊस आहे, साखर कारखाने आहेत. पाण्याचे जास्त हाल भोकरदन, जाफराबादकडे होतात. आंदोलन मात्र कालव्याच्या बाजूला उभं राहिलं.

मला यातून एवढंच दिसतं की प्रश्न एखाद्या वर्षाच्या पावसाचा नाही. शेतीवर पुढची पिढी जगेल का, हा आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. त्यात दोन भावांची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड-पावणेदोन एकर. त्यावर मुलाचं कॉलेज, मुलीचं लग्न आणि बँकेचा हप्ता बसवून दाखवा. मग सातबाऱ्यापेक्षा जातीचा दाखला मोलाचा वाटू लागतो. हेच गणित जमीन नसलेल्यांकडे आणखी कडक होतं. मेंढपाळांना चराईचं रान उरलेलं नाही. बंजारा तांड्यांवरून दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कोयत्याची जोडपी ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्यातच परततात.

बियाण्याची राजधानी आणि रेशनचं धान्य

‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथला प्रत्येक माणूस ऐकवतो. ती अगदीच पोकळ नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली आणि संकरित बियाणं देशभर गेलं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आजही बियाणं आणि स्टील हीच शहराची ओळख आहे.

त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सरकारला वेगळ्या योजनेतून धान्य द्यावं लागलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात माणशी ५ किलो धान्य मिळतं, पण केशरी कार्ड असलेले बरेच शेतकरी त्यात बसत नव्हते. म्हणून २०१५ मध्ये राज्याने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी स्वतंत्र निर्णय घेतला. मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. या जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ मिळू लागला.

शेतकऱ्याला धान्य विकत का घ्यावं लागतं? कारण त्याच्या शेतात आता धान्य कमी आणि कापूस-सोयाबीन जास्त आहे. आधीच्या पिढीत घरची ज्वारी कणगीत असायची. पैसा नसला तरी भाकरी असायची आणि जनावराला कडबा असायचा. कापूस-सोयाबीनने हातात रोकड आणली, पण घरचं खाणं बाजारभावाला बांधलं गेलं. सोयाबीनचा भाव पडला की नुकसान फक्त खिशाचं होत नाही, ते थेट पिठाच्या डब्यात दिसतं. ज्वारीबरोबर कडबाही गेला, तो वेगळाच.

पुढे केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळणं थांबलं. जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा करायचं ठरलं. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली.

१७० रुपयांत किती धान्य येतं? २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे, म्हणजे किलोला सुमारे ३७ रुपये. त्या हिशेबाने १७० रुपयांत ४ किलो ६०० ग्रॅम ज्वारी मिळते. पण हा हमीभाव आहे. गावातला किराणा दुकानदार त्या भावाने देत नाही. पूर्वी १० ते १५ रुपयांत माणशी ५ किलो पोतं भरून मिळायचं. धान्याचा भाव वाढला तरी त्या किलोंना धक्का लागत नव्हता. रोख रकमेचं तसं नसतं. ती वाढवायला दर वेळी नवा शासन निर्णय लागतो.

भूक आणि शांतता यांचा संबंध काय?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१८ मध्ये ठराव क्रमांक २४१७ मंजूर केला. सशस्त्र संघर्षामुळे भूक वाढते आणि लोकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार होऊ शकत नाही, असं त्यात आहे. २०२० मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला शांततेचं नोबेल मिळालं, तेही याच धाग्यावर. जालना म्हणजे सुदान किंवा येमेन नव्हे आणि तशी तुलना करणं इथल्या लोकांवर अन्यायच ठरेल. पण ताण वाढत जातो कसा, हे समजायला हा धागा उपयोगी आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातून एकमेकांच्या दुकानात खरेदी न करण्याच्या भाषेच्या बातम्या आल्या होत्या. ज्या गावात उधारी, सालदारी, औत-बैल सगळं एकमेकांवर चालतं, तिथे ही गोष्ट छोटी नाही.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. ७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून निघतात. खडी फोडण्याची कामं, सुकडी, परदेशातून आलेला मिलो. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पिकं बुडाली, पण ज्याला उपासमारीचं थैमान म्हणतात, ते टळलं. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा पुढे सविस्तर अभ्यास केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात उतरली आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यामागेही हाच अनुभव होता. महत्त्वाचं म्हणजे त्या कामावर घमेलं उचलणाऱ्याला जात विचारली जात नव्हती. हाताला काम हवं, एवढीच अट होती.

पाण्याच्या भांडणाला आकडा मिळाला

मार्च २०१६ मध्ये लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पाण्यावरून हाणामारी होईल ही भीती प्रशासनाला खरी वाटली होती, हे विसरू नये.

नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हे भांडण त्याहून जुनं. वरच्या धरणांत पाणी अडवलं की जायकवाडी रिकामं राहतं. यावर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातून वाट निघाली. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावर आधारलेल्या २०१४ च्या आदेशात एक आकडा आणि एक तारीख आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. दोन्हीकडे आंदोलनं, कोर्टबाजी झाली आणि पाणी निघायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. तरी निघालं. वाद मिटला नाही, पण तो कशावर घालायचा, हे ठरलेलं होतं.

गावातल्या विहिरीला मात्र असा आकडा नाही. शेजाऱ्याने ६०० फूट बोअर मारलं आणि तुमची विहीर आटली, तर जायचं कुणाकडे?

कडवंचीत काय वेगळं झालं?

जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ नंतर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. नाबार्ड, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि त्यांचं खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र त्यामागे होतं. मंडळाचे विजयअण्णा बोराडे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. पद्धत ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरउतारावर चर, मग शेतांचे बांध, शेवटी ओढ्यावर बंधारे. कार्यक्रमाच्या अटींमध्ये श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती. म्हणजे जेसीबी येण्याआधी गावाला एकत्र बसून एकमेकांशी काही कबूल करावं लागलं.

पाणलोट सुमारे १,९०० हेक्टरचं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरला तर त्या शिवारावर १,२३५ कोटी लिटर पाणी पडतं. यातलं किती वाहून जायचं आणि किती मुरायचं, एवढाच खेळ. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागा सरपण झाल्या, तेव्हा कडवंचीची द्राक्षं टिकली. आज गावात शेकडो शेततळी आहेत.

शेततळ्याचं कौतुक करताना एक पथ्य हवं. पावसाचं वाहतं पाणी साठवलं तर ते तळं. विहीर-बोअर उपसून प्लास्टिकच्या अस्तरात भरलं तर ती सगळ्यांच्या भूजलाची खासगी टाकी. राज्यात अनेक ठिकाणी दुसराच प्रकार झाला आहे. अनुदानाच्या अर्जात हा फरक दिसत नाही.

द्राक्षाला भांडवल लागतं, ते सगळ्यांकडे नसतं. त्या दृष्टीने मला रेशीम जास्त आशादायक वाटतं. तुतीला उसापेक्षा बरंच कमी पाणी लागतं, एका एकरातही ती होते आणि कोषांचा पैसा वर्षातून अनेकदा येतो. पूर्वी इथले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जायचे. २०१८ मध्ये जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तिथल्या लिलावात कोषाची प्रत पाहून भाव ठरतो. संध्याकाळी रामनगरच्या गाडीत बसण्याऐवजी शेतकरी घरी जेवायला पोहोचतो.