कोळशाचा राजवाडा आणि दोघांचा कॅमेरा

जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहराच्या पश्चिम टोकाला ब्योविंगहाउझन नावाचे उपनगर आहे. तिथे साध्या घरांच्या रांगांमागून अचानक लाल विटांची शिखरे, कंगोरे, छोटे बुरूज आणि झाडांनी आखलेले प्रशस्त आवार समोर येते. एखाद्या सरदाराची गढी असावी असा थाट. प्रत्यक्षात ही दगडी कोळशाची खाण आहे, ‘त्सोलर्न २/४’. जमिनीत खोल उतरणाऱ्या शाफ्टना क्रमांक द्यायचे आणि खाणीलाही तेच चिकटवायचे, अशी रूर खोऱ्यातली रीत. इथले काम १९६६ साली कायमचे थांबले. त्यानंतर तीनच वर्षांत खाणीचा सर्वांत देखणा भाग भंगारात जायच्या बेतात होता. तो वाचला, आणि तो वाचवण्याच्या धडपडीत एका जोडप्याने काढलेल्या फोटोंचा मोठा हात होता.

खाण बांधली गेली १८९८ ते १९०४ या काळात. मालक होती गेल्सेनकिर्शनर बेर्गवेर्क्स ही बडी कंपनी आणि तिची सूत्रे होती एमिल किर्डोर्फ या उद्योगपतीच्या हाती. पुढे हिटलरचा उघड पाठीराखा म्हणून हे नाव इतिहासात गाजले. कंपनीला एक नमुनेदार खाण उभी करून दाखवायची होती. पाहुण्याने फाटकातून आत पाऊल टाकताच कंपनीची ऐपत त्याच्या डोळ्यांत भरली पाहिजे, असा हिशेब. पाउल क्नोबे या वास्तुरचनाकाराने उत्तर जर्मनीतल्या जुन्या विटांच्या गॉथिक शैलीचा आधार घेतला. पगारवाटपाच्या दालनाला त्याने चर्चचा तोंडवळा दिला. पगार घ्यायला आलेल्या माणसाची मान तिथे आपोआप झुकावी, हा हेतू नसेलच असे म्हणवत नाही.

मात्र या विटांच्या दरबारात एक इमारत निराळ्याच जातीची आहे. तिला यंत्रदालन म्हणतात. तेही आधी विटांचेच व्हायचे होते. मध्येच १९०२ साली ड्युसेलडॉर्फला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथे गुटेहोफनुंग्सह्युट्टे या पोलाद कंपनीने लोखंडी सांगाड्याचा मंडप उभारला होता. तो खाणीच्या व्यवस्थापनाला इतका भावला की विटांचा आराखडा बाजूला पडला. बांधकाम त्याच कंपनीकडे गेले आणि दर्शनी बाजू सजवायचे काम बर्लिनच्या ब्रुनो म्योरिंगकडे. बर्लिनच्या मेट्रोचे ब्युलोश्ट्रासे स्थानक ज्याने घडवले तोच हा म्योरिंग. त्याने दालनाला रंगीत काचांचे वळणदार प्रवेशद्वार दिले. पॅरिसच्या मेट्रोची प्रसिद्ध लोखंडी प्रवेशद्वारेही याच काळातली, त्याच नव्या शैलीच्या लाटेतली. इथे ती लाट कोळशाच्या धुळीत येऊन पोचली, एवढाच फरक.

दारातून आत गेले की नजर आधी संगमरवरी नियंत्रणफलकावर जाते. पितळी कडांच्या मीटरांची ओळ त्यावर अजून आहे. खरा मानकरी मात्र बाजूला बसलेला आहे, कोळशाचे आणि माणसांचे पिंजरे शाफ्टमधून वर ओढणारे यंत्र. सीमेन्स अँड हाल्स्केने ते विजेवर चालणारे बनवले आणि ड्युसेलडॉर्फच्या त्याच प्रदर्शनात मिरवले. मग ते इथे आणून बसवले. खाणीतली मुख्य यंत्रे तेव्हा वाफेवर चालत. वीज हा जुगार होता, कारण भरलेला पिंजरा जमिनीखालून उचलताना पहिल्या काही क्षणांत प्रचंड ताकद लागते आणि पिंजरा वर पोचला की मागणी एकदम शून्यावर येते. असे झटके कुठले वीजघर सोसणार? त्यावर इल्ग्नर पद्धतीचा उतारा होता. एक अवजड चाक सतत फिरते ठेवायचे, रिकाम्या वेळी त्यात गती साठवायची आणि उचलताना तीच परत घ्यायची. रूरमध्ये विजेने कोळसा वर काढण्याच्या अगदी सुरुवातीच्या ठिकाणांत हे दालन मोडते.

यंत्र जुने होते ते असेच, कधीकाळी फार नवे असल्यामुळे. साठच्या दशकात स्वस्त तेल आणि परदेशी कोळसा यांच्यापुढे रूरच्या खाणी एकामागोमाग मिटू लागल्या. त्सोलर्नही मिटली. लोखंडाला भाव होता आणि जागेला गिऱ्हाईक होते, मग दालन राखायचे कशासाठी? शंभर वर्षांचेही वय नसलेल्या कारखान्याला ‘वारसा’ म्हणणे तेव्हा कुणाला सुचतही नव्हते. वारसा म्हणजे किल्ले, चर्च, राजवाडे.

याच सुमारास बेर्न्ड आणि हिला बेखर आपली गाडी घेऊन रूरभर हिंडत होते. बेर्न्ड जीगन गावचा, लोखंडाच्या खाणींच्या मुलखात वाढलेला. तो आधी चित्रकार होता. गावाकडची एक खाण कागदावर उतरवू लागला, तर चित्र पुरे होण्याआधीच खाण पाडायला सुरुवात झाली. हात पुरेनात म्हणून त्याने कॅमेरा उचलला. हिला पॉट्सडामची, छायाचित्रण रीतसर शिकलेली. दोघांनी १९५९पासून एकत्र काम सुरू केले, १९६१मध्ये लग्न केले आणि पुढची जवळजवळ पाच दशके पाण्याच्या टाक्या, वायूच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि खाणींचे मनोरे टिपले.

त्यांची शिस्त कडक होती. मोठ्या आकाराचा कॅमेरा, कृष्णधवल चित्र, आभाळ ढगाळ. ऊन पडले की सावल्या आल्या आणि सावल्या आल्या की यंत्राचा आकार तुटला, म्हणून बेत वसंताच्या सुरुवातीचा किंवा शरदाचा. वास्तू वाकडी दिसू नये म्हणून शिडी लावून किंवा समोरच्या इमारतीवर चढून नेमकी मधली उंची गाठायची. मग एकाच प्रकारच्या नऊ, बारा किंवा पंधरा वास्तूंची चित्रे चौकटीत शेजारी शेजारी मांडायची. असे बारा मनोरे एका भिंतीवर दिसले की त्यातला प्रत्येक वेगळा आहे हे लगेच कळते. लग्नाच्या पंगतीत चुलतभावंडे ओळीने बसलेली दिसावीत, तसे. त्यांच्या १९७०च्या पुस्तकाचे नाव होते ‘निनावी शिल्पे’, आणि १९९०मध्ये व्हेनिसच्या बिएनालेने त्यांना सुवर्णसिंह दिला तोही शिल्पकलेसाठी! ज्या इंजिनियरांनी आणि लोहारांनी हे सगळे घडवले, त्यांना आपण शिल्पकार आहोत याची गंधवार्ताही नव्हती.

त्सोलर्नचे दालन पाडणार हे कळताच बेखर दांपत्याने कॅमेऱ्याबरोबर लेखणीही उचलली. कलाशाळेतले अध्यापक, कलावंत, जाणकार यांनी मिळून राज्य सरकारला साकडे घातले. फोटो हाताशी होतेच. काय जाणार आहे हे डोळ्यांना दिसत असल्यावर ‘जुने लोखंड’ म्हणून हात झटकणे अवघड होते. १९६९च्या अखेरीस यंत्रदालनाला संरक्षण मिळाले. जर्मनीत औद्योगिक वास्तूंच्या जतनाची मोजणी आजही बहुतेक इथूनच सुरू करतात. पुढे खाणीवर एक संशोधनपर पुस्तक निघाले, त्यातही बेखर होते. टपाल खात्यानेही या खाणीचे तिकीट काढले.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. बेखरांच्या चित्रांत माणूस नाही. मनोरा आहे, तो चढून जाणारा नाही. पिंजरा आहे, त्यात खांद्याला खांदा लावून उभी असलेली पाळी नाही. त्यांच्या लेखी ती शिस्त होती आणि तिच्यामुळेच आकार इतके स्वच्छ दिसतात, हे खरे. पण कोळसा आकारांनी काढला नाही. चित्रांतून वगळलेली ही माणसे परत आणायचे काम संग्रहालयाच्या वाट्याला आले. वेस्टफालिया-लिप्पेच्या प्रादेशिक संस्थेने १९७९मध्ये औद्योगिक संग्रहालय स्थापन केले. त्याची आज आठ ठिकाणे आहेत आणि मुख्यालय त्सोलर्नमध्येच आहे. रूरच्या खाणींत न्हाणीघराच्या छताला साखळ्या असत. कामगार घरचे कपडे आकड्याला अडकवून वर ओढून घेत आणि साखळीला कुलूप लावत. पोलिश बोलणारी हजारो कुटुंबे या खोऱ्यात आली, वसाहतींतून राहिली, अपघातांत आणि फुप्फुसाच्या आजारांत माणसे गमावत राहिली. हे सांगितल्याशिवाय कंगोऱ्यांचे कौतुक अर्धेच राहते. लोअर परळला मॉलच्या अंगणात उभी असलेली गिरणीची चिमणी पाहिलेल्या मराठी वाचकाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

आता थोडी गंमत. आवारात शिरताच बहुतेकजण शाफ्टवरच्या उंच लोखंडी मनोऱ्यांसमोर उभे राहून फोटो काढतात. हे मनोरे इथले नाहीत. मूळचे कधीच मोडीत निघाले. आज उभे आहेत ते त्याच धाटणीचे, गेल्सेनकिर्शन आणि हेर्न इथल्या बंद पडलेल्या खाणींतून आणून बसवलेले. दालन अस्सल, मनोरे दत्तक. संग्रहालय हे लपवत नाही आणि पाहणाऱ्यांची त्याला हरकतही नसते.

डॉर्टमुंडच्या मुख्य स्थानकावरून लोकल गाडीने ब्योविंगहाउझनला उतरले की खाण चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते. यंत्रदालन पाहायला निवांत वेळ ठेवावा. कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांच्या जुन्या तबेल्यात आता उपाहारगृह आहे, तिथे जेवण मिळते. वेळ हाताशी असेल त्याने एसेनची त्सोलफेराइनही पाहावी. १९८६मध्ये बंद झालेली ती अवाढव्य खाण २००१पासून जागतिक वारसा यादीत आहे. रूरमधली कोळशाची शेवटची खाण, बोट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८मध्ये बंद झाली.