बिल्बाओचा टोपीकर गुरु

खेळाडूचें वैभव अल्पायुषी असतें. पायांतील चपळाई ओसरली कीं टाळ्याहि ओसरतात, आणि उरलेल्या आयुष्याचें करावें काय, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. फ्रेड पेंटलँड या इंग्रज फुटबॉलपटूनें या प्रश्नाचें जें उत्तर दिलें, तें आम्हांस मननीय वाटतें.

पेंटलँडचा जन्म १८८३ सालीं वुल्व्हरहॅम्प्टन येथें झाला. ब्लॅकबर्न, मिडल्सब्रो इत्यादि संघांकडून तो खेळला. १९०९ सालीं इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांतहि त्यास पांच वेळां स्थान मिळालें. पुढें १९१४ सालीं जर्मनीच्या ऑलिंपिक संघास शिकविण्यासाठीं तो तिकडे गेला, तोंच महायुद्ध पेटलें. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून बर्लिनजवळ रूलेबेन येथील शर्यतीच्या मैदानावर, घोड्यांच्या तबेल्यांत, हजारों देशबांधवांसह तो स्थानबद्ध झाला. तेथेंहि त्या बंदिवानांनीं फुटबॉलचे सामने भरविले!

सुटकेनंतर १९२० च्या ऑलिंपिकसाठीं फ्रान्सचा संघ तयार करून तो स्पेनमध्यें गेला व १९२२ सालीं बिल्बाओच्या ॲथलेटिक संघाचा शिक्षक झाला. चेंडू लांब टोलवून त्यामागें धांवण्याची जुनी रीत त्यानें मोडली व जवळच्या गड्याकडे चेंडू सोंपवीत पुढें सरकण्याचा खेळ रुजविला. पहिला पाठ मात्र बुटांचे बंद नीट बांधण्याचा असे, असें सांगतात. आम्हांस यांत विनोद दिसत नाहीं; मुळाक्षरें घटविल्यावांचून ग्रंथ कोणास वाचतां आला आहे?

१९२९ च्या मे महिन्यांत माद्रिद येथें स्पेननें इंग्लंडला ४–३ असें हरविलें. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून इंग्लंडचा हा पहिलाच पराभव. आणि स्पेनच्या साहाय्यास पेंटलँड होता! त्याच वर्षीं तो बिल्बाओस परतला. १९३० सालीं त्याच्या शिष्यांनीं एकहि सामना न गमावतां स्पेनचें अजिंक्यपद जिंकलें, १९३१ मध्यें तें राखलें, बार्सिलोनास १२–१ असें लोळविलें, आणि १९३० पासून सलग चार वर्षें राष्ट्रीय चषकहि मिळविला. विजयानंतर गुरूच्या डोक्यावरील काळी गोल टोपी हिसकावून ती पायदळीं तुडविण्याचा शिष्यांचा परिपाठच पडला होता. गुरुजीहि नवी टोपी घेऊन पुढच्या सामन्यास हजर होत.

१९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी माजली व त्यास मायदेशीं परतावें लागलें. तेथें त्याच्या वांट्यास साधींच कामें आलीं. बिल्बाओ मात्र त्यास विसरलें नाहीं. १९५९ सालीं त्या नगरानें वृद्ध गुरूस सन्मानानें बोलावून त्याच्या गौरवार्थ चेल्सी संघाशीं सामना भरविला. १९६२ सालीं तो निवर्तला.

पेंटलँडच्या पायांनीं मिळविलेली कीर्ति त्याच्या देशांतच मावळली; परंतु दुसऱ्यांच्या पायांस त्यानें जें वळण लावलें, त्याची आठवण परक्यांनीं जतन केली. स्वतःची विद्या शिष्यांच्या हवालीं करून त्यांच्या हातून टोपी तुडवून घेण्यांत ज्यास आनंद वाटतो, त्यास गुरु म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.