दृष्टि गेली, कीं जाऊं दिली?

डोळ्यांपुढें अंधार येऊं लागला, कीं घरोघरीं एकच उद्गार ऐकूं येतो: “वय झालें, नशिबाचे भोग!” वस्तुतः अंधत्व हा एक रोग नसून अनेक निरनिराळ्या रोगांचा तो शेवट आहे. त्यांपैकीं कांहींवर शस्त्रक्रियेचा इलाज आहे, कांहीं आधींच टाळतां येतात, आणि कांहींत गेलेली दृष्टि परत येत नाहीं. हा भेद वेळेवर ओळखणें, हेंच मुख्य काम होय.

बाहुलीमागील पारदर्शक भिंग वयोमानानें गढूळ होतें, त्याला मोतीबिंदु म्हणतात. भारतांतील अंधत्वाचें हें सर्वांत मोठें कारण. असें भिंग बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेंत वर्णिलेली आहे. पुढें लंडन येथें १९४९ सालीं हॅरोल्ड रिडले यांनीं त्याच्या जागीं कृत्रिम भिंग बसविलें. फुटलेल्या विमानाच्या तावदानांतील ॲक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत फारसा दाह न करितां राहतात, हें त्यांनीं युद्धकाळांत पाहिलें होतें. त्याच द्रव्याचें तें भिंग होतें. आज “मोतीबिंदु पिकूं द्यावा” हा जुना सल्ला सोडून द्यावयास हवा. नित्याच्या कामांत अडथळा येऊं लागला, कीं शस्त्रक्रियेची वेळ झाली.

या सल्ल्यांत दुसराही एक धोका आहे. अंधुक दिसणारा प्रत्येक डोळा मोतीबिंदूचाच असतो असें नाहीं. काचबिंदूंत डोळ्यांतील द्रवाचा दाब बहुधा वाढतो व दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. बहुतेकांस ना वेदना, ना लाली. कडेची दृष्टि आधीं जाते, समोरचें दिसत राहतें. म्हणून रोग्यास पत्ता लागत नाहीं. औषधाच्या थेंबांनीं किंवा शस्त्रक्रियेनें उरलेली दृष्टि राखतां येते. गेलेली मात्र मिळत नाहीं. चाळिशीनंतर, विशेषतः घरांत कोणास हा रोग असल्यास, डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी. मधुमेह्यानें तर स्वच्छ दिसत असतांही वर्षांतून एकदां दृष्टिपटल दाखवावें.

मुलांचें अंधत्व पुष्कळदां आहारांतून येतें. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावीं प्रथम रातांधळेपणा येतो, पुढें बुबुळ कोरडें पडून नासतें. पालेभाजी, गाजर, पपई, आंबा आणि गोवराची लस यांनीं हें संकट टळतें. खुपरीच्या रोगानें एके काळीं असंख्य डोळे गेले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो रोग भारतांतून हटल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं मान्य केलें. सामुदायिक प्रयत्नांस यश येतें, याचा हा पुरावा.

जेथें इलाज संपतो, तेथें शिक्षणाचें काम सुरू होतें. अंध गणल्या जाणाऱ्या पुष्कळांस थोडाफार उजेड दिसतो. त्यांना भिंग, ठळक अक्षर, पाठीमागून येणारा भरपूर प्रकाश व पायरीच्या कडेस पांढरा पट्टा एवढ्यानेंही मोठें साह्य होतें. ज्यांना कांहींच दिसत नाहीं, त्यांच्यासाठीं लुई ब्रेल यांची सहा ठिपक्यांची लिपि १८२९ सालीं प्रसिद्ध झाली. १९५१ पासून भारती ब्रेलमुळें मराठीही बोटांनीं वाचतां येऊं लागली. पांढरी काठी आणि मजकूर वाचून दाखविणारा संगणक यांनीं स्वावलंबन वाढविलें. २०१६ च्या कायद्यानें सरकारी नोकरींत अंध व अल्पदृष्टि व्यक्तींसाठीं किमान एक टक्का जागा राखल्या आहेत.

घरांतील वृद्ध पायरी चुकूं लागला, किंवा मूल तिन्हीसांजेस चाचपडूं लागलें, तर नशिबास बोल लावण्यापूर्वीं त्यास नेत्रवैद्याकडे न्यावें. उशीर झालाच, तर त्याला कोपऱ्यांत न बसवितां शाळेंत व कामावर पाठवावें.