बेरी सूरजागडच्या रानातही पिकते

सूरजागड म्हटलं की लोहखनिज आठवतं. पण गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या या रानात उन्हाळ्यात टेंभरं (तेंदूची फळं) पिकतात, चारं (चारोळीची फळं) लागतात आणि पाऊस तोंडावर आला की जांभळं काळी होतात. तरी धिरड्यावर, खिरीवर गरम कॉम्पोट, म्हणजे थोड्या गोडात शिजवलेलं फळ, घालायचं तर परदेशी बेरीच हवी, असं अनेकांना वाटतं.

गैरसमज: बेरी म्हणजे स्ट्रॉबेरी, रासबेरी.
वस्तुस्थिती: एका फुलाच्या एकाच अंडाशयापासून बनलेलं, गरात बिया असलेलं मांसल फळ म्हणजे बेरी. वनस्पतिशास्त्राच्या या कसोटीवर जांभूळ आणि टेंभरं उतरतात, स्ट्रॉबेरी उतरत नाही. तिचा लाल गर म्हणजे फुगलेलं पुष्पासन; वरचे बारीक दाणे हीच तिची खरी फळं. चारं मात्र बोरासारखी कठीण कोयीची, म्हणून बेरी नव्हेत.

गैरसमज: कॉम्पोट म्हणजे जॅमच.
वस्तुस्थिती: जॅममध्ये विद्राव्य घटक किमान 65 टक्के असावेत असा अन्नसुरक्षा नियम आहे, ते मुख्यतः साखरेचे. म्हणूनच जॅम टिकतो. कॉम्पोटला गोड कमी लागतं. बिया काढलेल्या जांभळाच्या गरात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर दहाएक मिनिटं शिजवा. ते फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं. खिरीवर घालताना थोडं निवू द्या, गरम असताना आंबटपणानं दूध फाटू शकतं.

गैरसमज: शिजवलं की फळाचं सत्त्व संपलं.
वस्तुस्थिती: क जीवनसत्त्व घटतं, जांभळा रंग देणारी अँथोसायनिनंही काही प्रमाणात कमी होतात. तंतू आणि खनिजं मात्र उरतात.

गैरसमज: जांभळाचं आहे, मग मधुमेहात कितीही चालेल.
वस्तुस्थिती: परंपरेनं औषधी मानतात ती मुख्यतः बी, आणि ती तर आपण काढून टाकतो. शिवाय गूळही रक्तातली साखर वाढवतो. जांभूळ खाल्लं म्हणून गोळी चुकवू नये.

गैरसमज: रानफळं वनखात्याची, गावकऱ्यांचा त्यांवर हक्क नाही.
वस्तुस्थिती: 2006 चा वनहक्क कायदा परंपरेनं जंगलावर जगणाऱ्यांना रानफळांसारख्या गौण वनोपजाची मालकी, तसंच ते गोळा करून विकण्याचा हक्क देतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण झाडच राहिलं नाही, तर फळावरच्या हक्काला अर्थ उरत नाही. म्हणून सूरजागडच्या खनिजाचा हिशोब मांडताना जांभूळ-टेंभराच्या झाडांचाही हिशोब मांडला पाहिजे.