निर्बंध शिथिल होताना : दैनंदिन जोखमींच्या निवडीसंबंधी काही विचार

महाराष्ट्र शासनाने ७ जून २०२१ पासून करोनाविषयक निर्बंध टप्प्याटप्प्याने उठविण्यास प्रारंभ केला. त्यासाठी जिल्हे व मोठी शहरे यांची पाच स्तरांत विभागणी करण्यात आली. ही विभागणी दोन आकड्यांवर आधारलेली होती. तपासलेल्या नमुन्यांपैकी शेकडा किती बाधित निघतात हा एक आकडा, आणि रुग्णालयांतील प्राणवायूच्या खाटांपैकी शेकडा किती व्यापलेल्या आहेत हा दुसरा. जेथे बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी व व्यापलेल्या खाटा २५ टक्क्यांहून कमी, तो प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत मोकळ्या स्तरात गणला गेला. पुढे १५ ऑगस्टपासून, लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांना मुंबईची लोकल खुली झाली. ऑक्टोबरात शाळांचे वरचे वर्ग, प्रार्थनास्थळे आणि नाट्यगृहे या क्रमाने दारे उघडली. आणि १ एप्रिल २०२२ पासून उरलेसुरले निर्बंध, मुखपट्टीच्या सक्तीसह, मागे घेण्यात आले.

या दहा महिन्यांत लक्षावधी घरांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहिला. तोवर काय करावे व काय करू नये हे शासकीय आदेश सांगत होता. आता ते ज्याचे त्याने ठरवावयाचे होते. भाचीच्या लग्नाला जावे काय, सोसायटीतील भजन पुन्हा सुरू करावे काय, मित्राच्या वडिलांच्या निधनानंतर भेटीस जावे की दूरध्वनीवर भागवावे, असे हे प्रश्न होते. ते वरकरणी क्षुल्लक वाटले, तरी अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा या आपल्या शास्त्रातील जुन्या प्रश्नाचीच ती घरगुती रूपे होत. त्यांचा विचार शास्त्रीय रीतीने कसा करता येईल, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सामान्यतः लोकांनी या प्रश्नास दोनपैकी एक उत्तर दिले. 'शासनाने परवानगी दिली, त्या अर्थी आता धोका नाही' हे एक. आणि 'रोग अजून आहे, त्या अर्थी बाहेर पडणे नको' हे दुसरे. दुसऱ्या उत्तरातील अडचण उघड आहे : रोग संपूर्णपणे नाहीसा होण्याची वाट पाहावयाची, तर ती वाट आजही संपली नसती. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग संपल्याचे नव्हे. पहिल्या उत्तरातील दोष मात्र सूक्ष्म आहे. शासनाने जे दोन आकडे पाहिले ते मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : उद्या रुग्णांची लाट आली तर रुग्णालये ती पेलू शकतील काय? हा प्रश्न समूहाचा आहे, आणि शासनाने तोच विचारणे योग्यही होते. परंतु पंचाहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या गृहस्थाने बंद सभागृहातील लग्नास तीन तास बसावे की नाही, याचे उत्तर प्राणवायूच्या रिकाम्या खाटांत सापडत नाही. आजारी पडल्यास खाट मिळेल, एवढीच ग्वाही ती परवानगी देत होती.

तेव्हा 'अमुक ठिकाण सुरक्षित आहे काय' हा प्रश्नच मुळात सोडून द्यावयास हवा. सुरक्षितता हा जागेचा गुणधर्म नाही. एखाद्या भेटीतील जोखीम ही अनेक घटकांच्या गुणाकाराने घडते, आणि गुणाकाराचे वैशिष्ट्य असे की त्यातील एक घटक शून्याजवळ गेला की बाकीचे मोठे असूनही गुणाकार लहानच राहतो. निर्बंधांच्या काळात ज्यांनी हे ओळखले त्यांनी भेटी रद्द केल्या नाहीत. त्या गच्चीवर घेतल्या.

या घटकांपैकी पहिला म्हणजे जमलेल्यांत कोणी बाधित असण्याची संभाव्यता. समजा, समाजात शंभरांत एक व्यक्ती संसर्गजन्य अवस्थेत आहे. दहा जणांच्या मेळाव्यात निदान एक तरी अशी व्यक्ती असण्याची संभाव्यता सुमारे १० टक्के निघते. पन्नास जणांत ती सुमारे ३९ टक्के व दोनशे जणांत सुमारे ८७ टक्के होते. हेच प्रमाण हजारांत एक इतके खाली आले, तर दोनशे जणांच्या मेळाव्यातही ती सुमारे १८ टक्क्यांवर येते. (जमलेली माणसे परस्परांशी असंबद्ध आहेत असे येथे गृहीत धरले आहे. लग्नास माणसे कुटुंबाकुटुंबाने येतात. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. उलट नोंदलेल्या रुग्णांहून खरे रुग्ण नेहमीच अधिक असतात, हेही विसरता कामा नये.) यावरून एक गोष्ट ध्यानी येते, ती अशी की एकाच सभागृहातील तेच लग्न साथीच्या भरात आणि साथ ओसरल्यावर, या दोन अगदी भिन्न घटना आहेत. 'मी मागच्या महिन्यात गेलो होतो, काही झाले नाही' या युक्तिवादाला म्हणूनच फारसा अर्थ राहत नाही.

दुसरा घटक हवेचा, आणि तो अधिक विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे त्याचीच सर्वांत अधिक उपेक्षा झाली. २०२० साली आपण भाजी साबणाच्या पाण्याने धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या, वर्तमानपत्रे उन्हात ठेवली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पंखा लावून, खिडक्या मिटून, नातलगांशी दोन तास गप्पा मारल्या. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो हे पुढे सर्वमान्य झाले. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातील एका गायकवृंदाच्या तालमीस ६१ जण जमले होते. तालीम अडीच तास चालली. एका आजारी व्यक्तीपासून त्यांपैकी पन्नासाहून अधिक जणांना बाधा झाल्याचे तपासात दिसून आले व दोघांचा मृत्यू झाला. बंद जागा, दीर्घ काळ आणि मोकळ्या गळ्याने गायन या तीन घटकांचा गुणाकार कोठवर जातो याचे हे उदाहरण होय. आपल्या भजनी मंडळांना ते लागू पडावे याबद्दल खेद वाटतो. पण ते लागू पडते.

हवेतून होणाऱ्या संसर्गाचे गणित वेल्स व रायली यांनी क्षयरोग आणि गोवर यांच्या अभ्यासातून मांडले. त्याचा आशय सांगावयाचा तर असा : बाधित व्यक्तींची संख्या, त्यांनी हवेत सोडलेले जंतुद्रव्य, आपण श्वासाने घेतलेली हवा आणि तेथे घालविलेला काळ ही सर्व अंशस्थानी असतात, आणि छेदस्थानी एकटी असते ती खोलीत येणारी ताजी हवा. खोलीतील हवा किती शिळी आहे हे कळण्यास एक सोपे साधन आहे. बाहेरच्या हवेत कर्बद्विप्राणिदाचे प्रमाण दशलक्षांत सुमारे ४२० असते, तर आपल्या उच्छ्वासात ते सुमारे ४०,००० असते. खोलीतील प्रमाण ८०० झाले, की आपण घेत असलेल्या दर शंभर श्वासांतील जवळपास एक श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो, असे समजावयास हरकत नाही. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या असता १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या कक्षांत हवा ताशी सरासरी ४० वेळा बदलत असल्याचे आढळले. नव्या इमारतींत १७ वेळा. यंत्राने हवा खेळविलेल्या कक्षांसाठीचे प्रमाण ताशी १२ इतकेच होते. आपल्याकडील जुन्या शाळांच्या व रुग्णालयांच्या उंच खिडक्या कायमच्या खिळवून तेथे वातानुकूलन बसविणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

मुंबईच्या लोकलचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोधक आहे. गर्दीच्या वेळी तीत एका चौरस मीटरात १४ ते १६ माणसे उभी असतात. जगात इतकी दाटी क्वचितच आढळेल. तथापि तिची दारे उघडी असतात, खिडक्यांतून वारा वाहतो, प्रवासी बहुधा मूक असतो. म्हणजे एक घटक अत्यंत प्रतिकूल, तर दोन अनुकूल. तेव्हा लोकल टाळून सहकाऱ्याच्या बंद काचांच्या मोटारीत तासभर गप्पा मारीत जाणाऱ्याने जोखीम कमी केली की वाढविली, हे गणित केल्यावाचून सांगता येत नाही.

आता जोखमीच्या मोजमापाकडे वळू. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रोनाल्ड हॉवर्ड यांनी यासाठी 'मायक्रोमॉर्ट' हे एकक सुचविले. दशलक्षांत एक इतकी मृत्यूची संभाव्यता असा त्याचा अर्थ. लोकलचीच मोजणी करून पाहू. महामारीपूर्वीच्या वर्षांत मुंबई उपनगरी रेल्वेवर दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावत आणि रोजच्या प्रवासांची संख्या ७५ लाखांच्या घरात होती. वर्षाकाठी सुमारे २७० कोटी प्रवास धरले, तर दर प्रवासास साधारण एक मायक्रोमॉर्ट पडतो. मृतांत रूळ ओलांडणारेच पुष्कळ असल्याने डब्यात नीट बसलेल्या प्रवाशाच्या वाट्यास येणारा आकडा याहूनही कमी असणार. ही जोखीम मुंबईकर कोणताही विचार न करता रोज दोनदा पत्करतो.

याउलट करोनाची स्थिती पाहा. लसीपूर्व काळातील, मुख्यतः संपन्न देशांच्या आकडेवारीवर आधारलेल्या संकलनानुसार, संसर्ग झाल्यास मृत्यूचे प्रमाण पंचविशीत दहा हजारांत १, पंचावन्नाव्या वर्षी हजारांत ४ आणि पंचाहत्तराव्या वर्षी हजारांत ४६ असे होते. समजा, एखाद्या समारंभात संसर्ग होण्याची संभाव्यता हजारांत एक आहे. पंचविशीतील तरुणास तो समारंभ एकदशांश मायक्रोमॉर्टला पडतो; पंचाहत्तरीच्या वृद्धेस ४६ मायक्रोमॉर्टना. समारंभ एक, सभागृह एक, हवा एक; आणि जोखमीत ४६० पटींचे अंतर. लसीमुळे हे सर्वच आकडे खूप खाली आले, आणि गंभीर आजारापासूनचे संरक्षण संसर्गापासूनच्या संरक्षणाहून अधिक टिकाऊ ठरले. परंतु वयोगटांतील अंतर त्याने पुसले गेले नाही. मृत्यू ही एकच हानी नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. महिनोन्महिने रेंगाळणारा थकवा मायक्रोमॉर्टच्या हिशेबात येत नाही.

परंतु खरा पेच याच्या पुढे आहे. तो तरुण आणि ती वृद्धा एकाच घरात राहतात. तरुणास संसर्ग झाल्यास तो आजीपर्यंत पोहोचण्याची संभाव्यता पाचात एक धरली, तर त्याच्या एकट्याच्या समारंभास जाण्याने आजीवर सुमारे ९ मायक्रोमॉर्टचा भार पडतो. म्हणजे निर्णय घेणाऱ्याहून न घेणाऱ्याच्या वाट्यास नव्वदपटींहून अधिक जोखीम. चॉन्सी स्टार यांनी १९६९ साली असे दाखविले होते की स्वेच्छेने पत्करलेली जोखीम मनुष्य लादलेल्या जोखमीच्या सुमारे हजारपट इतकीही सहन करतो. हे प्रमाण पुढे वादग्रस्त ठरले. पॉल स्लोविक प्रभृतींनी भीती, अपरिचितता अशी इतरही कारणे पुढे आणली. तरी मूळ भेद खरा आहे. नातू समारंभास स्वेच्छेने जातो. आजीची जोखीम लादलेली असते, आणि तीही न सांगता.

याच भेदाची दुसरी बाजू मात्र आपल्या घरांतून क्वचितच विचारात घेतली गेली. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेस मंदिरे उघडली, तेव्हा 'तुमच्या भल्यासाठीच' असे सांगून पुष्कळ वृद्धांना घरात बसविण्यात आले, आणि बसविणारे स्वतः उपाहारगृहांत जाऊ लागले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा न्याय उलटा झाला. जोखमीचा विचार तिच्या मोबदल्यावाचून होऊ शकत नाही, आणि पंचाहत्तराव्या वर्षी देवीच्या दर्शनाचे किंवा बहिणीच्या भेटीचे मोल काय, हे त्या व्यक्तीवाचून दुसरा कोणी ठरवू शकत नाही. उरलेली वर्षे थोडी असतील, तर त्यांतील दोन वर्षे खोलीत काढणे हाही मोठा व्यय आहे. तो कोणत्याच तक्त्यात धरला गेला नाही. तेव्हा घरातील जोखमीचा एकच सामाईक हिशेब मांडावा, आणि त्यातील मोठा वाटा जिला सर्वाधिक सोसावे लागणार तिच्या इच्छेस द्यावा, हे अधिक युक्त दिसते. आजीला बहिणीकडे जावयाचे असेल, तर त्या आठवड्यात नातवाने बंद खोलीतील वाढदिवस सोडावा.

सामाईक हिशेबाची गरज आणखी एका कारणाने आहे. लहान जोखीम वारंवार घेतली की ती लहान राहत नाही. हजारांत एक इतकी संभाव्यता एकदाच पत्करणे निराळे. वर्षातील ३०० दिवस ती पत्करली, तर वर्षअखेर संसर्गाची संभाव्यता २६ टक्क्यांवर जाते. म्हणून एखाद्या अपूर्व प्रसंगी मोठी वाटणारी जोखीम घेणे पुष्कळदा शहाणपणाचे असते, आणि रोजच्या निरर्थक सवयी, उदाहरणार्थ कोंदट खोलीतील रोजची लांबलेली बैठक, सोडणे अधिक लाभदायक ठरते. आपण बहुधा याच्या उलट वागलो : मित्राच्या वडिलांच्या निधनानंतर भेटीस गेलो नाही, बैठका मात्र चालू ठेविल्या.

हे आकडे स्थिर नसतात, हेही लक्षात ठेवावयास हवे. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचे नामकरण झाले, आणि जानेवारीत आपल्याकडे लाट आली. ऑक्टोबरात केलेला हिशेब तेव्हा निरुपयोगी झाला होता. गुणाकारातील एक घटक बदलला होता, इतकेच. बाकीचे घटक व रीत तीच होती.

शेवटी ज्यांना निवडच नव्हती त्यांचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन पुरे होत नाही. वरील सर्व गणित ज्याला 'जावे की न जावे' असे म्हणता येते त्याच्यासाठी आहे. एस. टी.चा वाहक, घरकामास चार घरी जाणारी बाई, रुग्णालयातील सफाई कामगार यांच्यापुढे तो प्रश्न नव्हता. त्यांच्या जोखमीतील बहुतेक घटक इतरांच्या हाती होते : बसमध्ये किती माणसे चढतात, घरमालकीण खिडकी उघडते की नाही, खोकणारा प्रवासी मुखपट्टी लावतो की नाही. १ एप्रिल २०२२ नंतर मुखपट्टी ऐच्छिक झाली, तेव्हा ती प्रवाशासाठी ऐच्छिक झाली. दिवसभरात शेकडो प्रवाशांना तिकिटे देणाऱ्या वाहकाने स्वतः ती लावली, तरी त्याच्या भोवतीची हवा त्याच्या इच्छेने बदलणारी नव्हती.